वीस मिनिटं पश्चिमेला

या, असे पुढे सरा. खांबाला टेकून बसलात, तुम्हीसुद्धा या. बुवांचं कीर्तन झालं, टाळ पिशवीत गेले, पण कान अजून उघडे आहेत. तेवढ्यात एक गोष्ट सांगून घेतो. ऐकून जड वाटणार नाही, एवढं कबूल करतो. गोष्ट माडवेळ बंदरातल्या वासू गिरकराची आहे आणि त्याच्या लेकीची.

वासूच्या लेकीचं सासर समुद्रात गेलं होतं. बुडालं नव्हतं, नुसतं गेलं होतं. घाटाच्या पायथ्याला, सावरेवाडीत चिऱ्यांचं घर होतं. ते घर, पुढचं अंगण, तुळस, गोठा आणि फणस, एवढं सगळं उठून किनाऱ्यापासून तीन मैलांवर लाटांवर जाऊन उभं राहिलं. लेकीनेच, रेवतीने, तसा फोन केला.

"बाबा, आमचा घर पाण्यात इला."

"गोठ्यात पाणी शिरला काय?"

"नाय. म्हस उभी आसा. तिका काय फरक पडूक नाय. सासूबाई म्हणतत, हयसर वारो बरो."

"दूध घालतास कोणाक?"

"पोहत येतत लोक. तुमी माका न्हेवक कधी येतास?"

प्रश्न खरा हाच होता. रेवतीचं पहिलंच बाळंतपण, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात तिला आणायची, असं ठरलं होतं. सातवा मासळीच्या गडबडीत गेला, आठवा सरत आला. नववा लागण्याआधी ती माडवेळच्या घरात, आईच्या हाताखाली असायला हवी होती. वासूची बायको सुनंदा रोज सकाळी बाळंतिणीची खोली झाडून घेई आणि दार उघडं ठेवी.

वासूने आधी जीप काढली आणि सावरेवाडी गाठली. घराच्या जागी घराएवढा कोरडा चौकोन होता. शेजारी म्हणाला, "गेले ते. आमचं वाळत घातलेलं आंब्याचं साठ पण गेलं त्यांच्याबरोबर." वासूने मान डोलावली आणि परत फिरला.

मग त्याने होडी काढली. पण पाण्यावरचं घर पाण्याच्याच रंगाचं झालं होतं, डोळ्यांना काही सापडेना. आपला जुना जीपीएस त्याने पुढ्यात धरला. रेवतीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेला होता, तेव्हा अंगणात उभं राहून त्याने त्या घराचा पॉइंट, म्हणजे जागेचा आकडा, त्यात मारून ठेवला होता. पण यंत्रात खारं पाणी गेलं होतं. अर्धा पडदा काळा, उरलेल्या अर्ध्यात नुसते आकडे. बाण दिसतच नव्हता.

म्हणून तो तालुक्याच्या गावी तोरसकर बाईंच्या दुकानात गेला. बाईंकडे दोर, जाळ्याला बांधायचे तरंगते बोयरे, लाइफ जॅकेटं आणि काचेच्या कपाटात जीपीएस असत. गळ्यात तुळशीची माळ, नाकावर चष्मा. वस्तू विकण्यापेक्षा गिऱ्हाइकाला प्रश्न विचारण्यात त्यांना जास्त रस.

"पाण्यासाठी हवा की रस्त्यासाठी?"

"घर कधी खंय असतला, सांगूक येणा नाय," वासू म्हणाला.

"मग हातात मावणारा घ्या. होडीत पण चालेल, जीपमध्ये काचेला चिकटवला तरी चालेल." त्यांनी तीन काढून काउंटरवर ठेवले. "हा दिसायला छान आहे, बोटाने चालतो. पण तुमचं बोट ओलं असणार, त्याला ओल्या बोटाचं कळत नाही. हा दुसरा बटणांचा. हातमोजा घातलात तरी दाबता येतो. पडला तर तरंगतो."

"खरंच तरंगता?"

बाईंनी तो उचलला आणि दारातल्या पाण्याच्या पिंपात टाकला. तो तरंगला. पिंपात तिथून पुढे भरती-ओहोटी सुरू झाली, पण बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"साधे सेल घालता येतात, ते चार जास्तीचे जवळ ठेवा. उन्हात पडदा दिसतो का ते बाहेर जाऊन बघा, दुकानातल्या दिव्याखाली सगळेच छान दिसतात. आणि सुरू केल्या केल्या पळू नका. आभाळाखाली जरा शांत उभे राहा, त्याला वरचे उपग्रह सापडू देत. आपण देवळात गेल्यावर आधी घंटा वाजवून थांबतो, तसं. पाण्यावर तो तुम्हाला सरळ रेषेत नेईल, मध्ये खडक आहे की नाही ते तुम्ही बघायचं. रस्त्यावर वळणावळणाने नेईल. दोन्हीकडे अंतर मात्र खरं सांगेल, तुम्ही त्याला खरं सांगितलंत तर."

वासूने बटणांचा घेतला. जुन्यातले आकडे नव्यात घालायचे होते, म्हणून तो तिथेच काउंटरवर वाकला. दुकानात दोर बघायला आलेले दोघे तांडेल, माडवेळच्याच होड्यांचे कप्तान, होते. तेही सहज वाकले.

आता इथे माडवेळची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. माडवेळमध्ये कुणी मासे लागण्याची जागा यंत्रात खरी लिहीत नाही. यंत्र चोरीला जातं, शेजारी डोकावतात. म्हणून प्रत्येक जण आकडा थोडा सरकवून लिहितो आणि फरक डोक्यात ठेवतो. वासूचा फरक वीस मिनिटांचा होता. ही मिनिटं घड्याळातली नव्हेत, नकाशावरची. वीस मिनिटं पश्चिमेला म्हणजे जवळजवळ वीस मैल. हा फरक त्याला बापाने मरताना कानात सांगितला होता, आणि त्याबरोबर पाटाच्या खडपाची, पाण्याखालच्या एका खडकाची, जागा. त्या खडपावर वर्षाला चार-सहा तरी सोन्याच्या मोलाचे घोळ मासे लागत. त्याच्यावर वासूचं घर उभं राहिलं, रेवतीचं लग्न झालं. वासूचा खोटा आकडा गावात सगळ्यांना पाठ होता. फरक मात्र कुणाला ठाऊक नव्हता. सुनंदालाही नाही.

तर दोघे तांडेल वाकले, आणि वासूच्या बोटांनी सवयीने वीस कमी केले. जुन्यात त्र्याहत्तर अंश, पंचवीस मिनिटं होती; नव्यात पाचच मिनिटं झाली.

वासू दुकानाच्या पायरीवर आला तोच फोन वाजला.

"बाबा, घर आताच हलला. मांडणीवरची भांडी वाजली. आता किनारो दिसणा नाय."

"काळजी करू नको. नवीन यंत्र घेतलंय. तरंगता ता."

तो माडवेळला परतला तेव्हा गावातून रस्ता चालला होता. रस्त्यावरून कुणी चाललं नव्हतं, रस्ताच चालला होता. घराला बांधलेला रस्ता घर ओढेल तिकडे जाणारच. घाटाखालचा तो डांबरी रस्ता वासूच्या दारावरून सरपटत समुद्रात जात होता. त्याच्यावरून मैलाचे दगड गेले, सावरेवाडीची एसटीची शेड गेली. शेडमध्ये एक बाई बसली होती. तिने सुनंदाला विचारलं, "फोंड्याची गाडी गेली का हो?"

"नाय अजून," सुनंदा म्हणाली. बाई समुद्राकडे निघून गेली.

रस्त्याचं हे टोक वासूच्या ओट्याच्या दगडाला अडकलं होतं. संध्याकाळपर्यंत रस्ता दोरासारखा ताणला गेला. त्याच्यावर कावळा बसला तरी घरातली कपाटं किणकिणत. बाळंतिणीच्या खोलीची भिंत समुद्राकडे बोटभर झुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासूने सेल तपासले आणि डिझेलचे कॅन होडीत भरले. बंदरावर सुनंदा येऊन उभी राहिली. हातात रेवतीसाठी बांधलेली पेज होती.

"किती लांब आसा ता?"

"बावीस मैल."

"मी पण येतंय. तुमका चक्कर इली तर यंत्र कोण बघतलो? माका आकडो सांगा, पाठ करून ठेवतंय."

वासूने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर त्र्याहत्तर अंश, पाच मिनिटं होती. सुनंदा बायको होती, रेवतीची आई होती. पण तीस वर्षांच्या सवयीची जीभ. जिभेने साठ मिनिटांचा एक अंश मोडून वीस वजा केले आणि मगच तोंड उघडलं.

"बहात्तर अंश, पंचेचाळीस मिनिटां," तो म्हणाला.

रस्त्याला हिसका बसला. गावातल्या सगळ्या खिडक्या एकदम वाजल्या. गिरकरांचा ओटा हातभर पुढे सरकला आणि पडद्यावरचं अंतर बावीस मैलांवरून एकेचाळीस झालं. होडीतल्या डिझेलची पोच तिसाच्या पुढे नव्हती.

फोन वाजला. सुनंदाने घेतला.

"आई, आमी परत हललंव. हयसर आता पक्षी पण नाय. माझ्या पाठीत कळ येता मधीच."

"बस जरा. उभी रवा नको." सुनंदाने फोन खाली ठेवला. ती रस्त्याकडे बघत होती, मग नवऱ्याकडे बघू लागली.

"तुमी आकडो सांगितलास आणि घर गेला."

वासू यंत्राचे सेल काढून परत बसवू लागला.

"दुकानात घातलास तेव्हा पण गेला. तुमी खोटा सांगतास, आणि ता बिचारा घर तुमच्या शब्दाक मान देता. थयसर जाऊन उभा रवता."

"माझी सवय आसा ती."

"चाळीस वर्षां कीर्तनात पुढे बसतास. टाळ वाजवून तळव्याक घट्टे पडले. बुवांनी काय काय सांगितल्यानी, त्यातला एक तरी कानात गेला काय, की सगळा टाळाच्याच आवाजात बुडाला?"

"सुनंदा, खरो आकडो बोललंय तर फरक कळतलो. खोटो सगळ्यांका पाठ आसा. उद्या पाटाच्या खडपार पंचवीस होड्यो असतले. बापाशीन माका दिलेली एकच वस्तू ती."

"माझ्या कानात सांगा मगे."

तो तिच्या कानाशी वाकला. ओठ हलले, पण आकडा बाहेर येईना. कानात सांगायच्या गोष्टी त्याला वजा करूनच सांगता येत होत्या. बापाने त्या तशाच शिकवल्या होत्या. त्याने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीचा एक चिरा निखळून रस्त्यावर पडला आणि रस्त्याबरोबर थरथरत राहिला.

वासू होडीत उतरला. सुनंदाही पेजेचा डबा घेऊन उतरली. तीन मैलांवर, घर आधी उभं होतं तिथे जाऊन, त्याने इंजिन बंद केलं; पडद्यावर आता अडतीस मैल होते. जीपीएस समोरच्या फळीवर ठेवला, आभाळाखाली शांत उभा राहिला. बारा उपग्रह लागले. मग त्याने पॉइंट उघडला आणि बटणं दाबली. एकेक आकडा, न वजा करता; अंगणात वजा केलेले वीसही परत मिळवून. त्र्याहत्तर अंश. पंचेचाळीस मिनिटं. यंत्राने विचारलं, ठेवू का? त्याने हो म्हटलं. काहीच झालं नाही, अडतीसचे अडतीसच. घराने तोंडचा शब्द मानला होता, बटणांवर आता त्याचा विश्वास नव्हता.

तेव्हा वासूने वायरलेस उचलला. त्यावर माडवेळच्या सगळ्या होड्या ऐकत असतात.

"मी वासू गिरकर बोलतंय. माझ्या लेकीचा घर त्र्याहत्तर अंश, पंचेचाळीस मिनिटांर आसा. मी पंचवीस लिवलेलंय. ता खोटा. पंचेचाळीस खरा."

वायरलेसवर खरखर होत राहिली. मग भाऊ कुबलाचा आवाज आला. तो दुकानात वाकलेल्या दोघांतला एक.

"पंचेचाळीस म्हणालंस?"

"पंचेचाळीस."

"म्हणजे तुज्या सगळ्या आकड्यांत वीस मिळवूचे."

"मिळय."

"पाटाच्या खडपाक पण?"

"थयसर पण."

कुणीतरी खोकलं. मग भाऊ म्हणाला, "बापूस असतो तर तुका होडीतसून ढकलल्यान असतो." आणि थोड्या वेळाने, "चेडवाक, रेवतीक, सांभाळून घे रे. इंजिन लागला तर आमी आसंव."

पडद्यावर अडतीसचे सदतीस झाले.

मग पस्तीस, तीस. मागे किनाऱ्यावर रस्ता सैल पडू लागला होता, त्याची वेटोळी वासूच्या अंगणात एकावर एक पडत होती. सुनंदाने डब्याचं झाकण घट्ट केलं. सव्वीस. वीस. बाराला फणसाचा वास आला. सातला म्हैस ओरडली.

"घर थांबतला काय हयसर?" सुनंदाने विचारलं.

"नाय. तेका सावरेवाडीक जावचा आसा. आपल्या बाजूसून जातला फक्त."

"मगे?"

"मगे हात पुढे करूचो."

पाण्याच्या रंगाचं घर जवळ आलं तसं चिऱ्यांच्या रंगाचं झालं. आधी तुळस दिसली, मग अंगण, त्यात वाळत घातलेलं कुणाचं तरी आंब्याचं साठ. अंगणाची कड पाणी कापत येत होती. कडेला रेवती उभी होती, एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. सासूबाई मागून तिचा दंड धरून सांगत होत्या, "घाई नको गो, होडी टेकू दे." पण घर थांबणारं नव्हतं. वासूने वल्हं टाकून दिलं, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, गुडघा टेकला आणि दोन्ही हात पुढे केले. त्याच्या कमरेला सुनंदाने मिठी घातली होती. अंगण आणि होडी यांच्यात आता दोन हातांचं पाणी होतं, मग एका हाताचं.

मी इथेच थांबतो, मंडळी. घरी जाऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा रेवतीची आठवण ठेवा. तिने पाय उचलला आहे.