पाळण्याचं फोल्डर

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पुन्हा तीच पाटी उगवली: डिस्कमध्ये जागा कमी आहे. सकाळीच मी लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर हलवले होते, नवऱ्याने त्याचे सिनेमे उडवले होते. दुपारपर्यंत डिस्क किती भरली ते दाखवणारी पट्टी परत लालभडक.

"तो पाळण्यावरचा कॅमेराच काढून टाकू," नवरा वैतागून म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला.

लेक दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. फोनवर तिची छाती वरखाली होताना दिसते, म्हणून तर मी दुसऱ्या खोलीत पाय ठेवू शकते.

भाचीला बघायला आलेल्या नणंदेने खुर्ची ओढली. त्या एका कारखान्याचं गोदाम सांभाळतात. "चमचे उचलून घर रिकामं होतं का गं? जड पोती कुठं आहेत ते बघू." त्यांनी सगळी फोल्डरं आकारानं लावली. सगळ्यात वर, बाकीच्यांना झाकून टाकणारं एकच होतं. पाळण्याचं.

कॅमेरा टिपलेलं सगळं याच कॉम्प्युटरवर साठवायचा. बसवताना त्यानं विचारलं होतं, जुनं पुसत जाऊ का? मी 'कधीच नाही' दाबलं होतं.

त्यांनी एक व्हिडिओ उघडला. झोपलेली पोर. मग माझा हात आला, तिच्या नाकाखाली बोट धरलं, गेला. दुसरा उघडला. तेच बोट. मला वाटलं, आता हसतील. सासरी वर्षभर पुरेल असा किस्सा होता तो.

त्या हसल्या नाहीत. "यात बाळापेक्षा तूच जास्त आहेस," एवढंच म्हणाल्या.

"राहू द्या ना, ताई. डॉक्टरांनी कधी विचारलं तर?"

"डॉक्टर काल-परवाचं विचारतील. तेवढं ठेवू, मागचं आपोआप पुसलं जाईल. अगं, जागाच संपली तर हा कॅमेरा आजचं टिपायचा थांबेल. मग?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कॅमेऱ्याची सेटिंग बदलली आणि फोल्डरमधलं जुनं सगळं डिलीट केलं. पट्टी लालच.

"बघा!"

"केराच्या टोपलीत टाकलंस. टोपली कोण ओतणार, मी?"

पण माऊसला त्यांनी हात लावला नाही. माझी वाट बघत बसल्या. आमच्या घरात कुणाला एवढा धीर नाही.

"एक ठेवू?"

"ठेव की."

पोरीनं झोपेतच माझं बोट मुठीत धरलं होतं, तो व्हिडिओ टोपलीतून परत काढून ठेवला. मग रिसायकल बिन रिकामं केलं. पट्टी सरसर मागे गेली, निळी झाली.

"सापडला का चोर?" आतून नवऱ्यानं विचारलं.

मी ताईंकडे बघितलं.

"तुझाच पसारा रे! जन्मात कधी आवरलंयस का काही?" ताई ओरडल्या.

"मी? सगळे सिनेमे तर उडवले!"

"टोपली ओतली होतीस?"

"ती वेगळी ओतावी लागते?"

"कॅमेरा राहतोय," त्या उठत म्हणाल्या. "आणि हिला आधी जेवायला वाढ. पाळण्याशी मी बसते."

फोन त्यांच्याजवळ ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि कितीतरी दिवसांनी बसून जेवले.