उभ्या गाडीचा पंखा

"नऊ वर्षांत ही गाडी एकदाही तापली नाही," सासऱ्यांनी बॉनेटवर थाप मारली. "आणि तुझ्या हाती येऊन चार महिने होत नाहीत, तोच तापायला लागली?"

"तापली नाही, बाबा. तापमानाचा काटा चढला. परवा फाटकापाशी अडकले, छकुली झोपलेली म्हणून इंजिन चालूच ठेवलं, तेव्हा. गाडी निघाली तसा उतरला."

"उतरला ना? मग संपलं."

संपलं कसलं! सुनेच्या डोक्यात ते तिथूनच सुरू झालं होतं. उभं राहिलं की चढतो आणि चालायला लागलं की उतरतो, असं का?

उद्या सकाळी नऊ वाजता सात महिन्यांच्या छकुलीच्या कानांची, तिला ऐकू येतं का याची, तपासणी होती, शेजारच्या शहरात. अडीच महिने वाट पाहून मिळालेली तारीख. मूल गाढ झोपेत असेल तरच ती तपासणी होते. वाटेत पुलाची दुरुस्ती चाललेली. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात, अर्धा अर्धा तास खोळंबा. तिथे गाडीने वाफ सोडली तर तारीख गेली आणि भर उन्हात रडून लाल झालेलं लेकरू पदरात. नवरा कामासाठी परगावी. फोनवर म्हणाला, "बाबांना विचार." आणि बाबा हे असे.

दुपारी छकुलीला निजवून तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं होतं. चालत्या गाडीत समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं.

"बाबा, हिचा पंखा फिरताना तुम्ही कधी पाहिलाय?"

"पाहायचा कशाला? आपली आतडी आपण पाहतो का?"

"बरं, ऐकलाय?"

"ऐकला असेल."

"असेल, की ऐकलाय?"

"तू वकील व्हायला हवी होतीस, सूनबाई."

तिने गाडी मोकळ्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. छकुलीला आजोबांच्या कडेवर दिलं. "लांब उभे राहा हं. आत हात घालू नका, पंखा कधीही सुरू होतो."

"बंद पडलाय हा संशय तुझाच, कधीही सुरू होतो म्हणतेस तूच!"

काटा हळूहळू मध्यावर आला. मध्याच्या पुढे गेला. इंजिनची घरघर तेवढी, दुसरा आवाज नाही. मग तिने एसीचं बटण दाबलं. एसी लावला की पंख्याने लगेच फिरायला हवं, असं पुस्तकात होतं. टक् झालं, इंजिन जरा जड झालं. ती उतरून पुढे आली, तर पंखा जागचा हलला नव्हता. पात्यांवर धुळीची मऊ साय धरलेली तिला लांबूनही दिसली. तिने झटकन आत वाकून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं.

"बाबा, सिग्नलला थांबलात की तुम्ही काय करता?"

"गाडी बंद करतो. सिग्नल असो, फाटक असो, दुकान असो. पेट्रोल काय आभाळातून पडतं?"

"आणि एसी?"

"एसीने सर्दी होते," ते सवयीने म्हणाले, आणि मग स्वतःच्याच बोलण्यापाशी अडखळले. खाली वाकून त्यांनी पंख्याकडे पाहिलं, एखाद्या जुन्या शेजाऱ्याचं नाव प्रथमच विचारावं तसं. "म्हणजे याला मी कधी कामच पडू दिलं नाही. मग हा गेला कधी?"

"कुणास ठाऊक! गेल्या महिन्यात, नाहीतर पाच वर्षांपूर्वी."

आता त्यांनाच चैन पडेना. वस्तादला, म्हणजे नेहमीच्या मेकॅनिकला, फोन त्यांनीच लावला.

"काका, इंजिन निवू द्या, किल्ली खिशात ठेवा," वस्ताद म्हणाला. "बॅटरीशेजारी काळा डबा आहे. झाकणाच्या आत पंख्याचं चित्र असेल. तो फ्यूज काढून बघा, आतली तार तुटलीय का."

इंजिन निवल्यावर तिने फ्यूज उजेडात धरला. तार धडधाकट.

"मग शेजारचा काळा ठोकळा. रिले, पंख्याला वीज सोडतो तो. तुमच्या गाडीत हॉर्नचा तसाच आहे. दोघांची अदलाबदल करा."

ठोकळा घट्ट बसला होता. नखाचा टवका उडाला तेव्हा कुठे निघाला. अदलाबदल करून तिने गाडी सुरू केली, एसीचं बटण दाबलं.

भर्रर्र! धुळीचा लोट उठला आणि सासरे दोन पावलं मागे उडाले.

तिने पंख्याकडे पाहिलंच नाही. ती छकुलीकडे पाहत होती. छकुलीचे डोळे मोठे झाले होते, मान वळली होती.

"बघितलंस?" सासरे ओरडले. "वळली! आवाज ऐकला तिने!"

"तुम्ही उडी मारलीत, म्हणून वळली असेल."

"छे गं, आवाजाने!"

"किंवा धुळीने."

सुनेने पुन्हा एसी बंद केला, पंखा थांबला; चालू केला, पंखा सुटला. या वेळी सासरे खांबासारखे उभे राहिले, श्वासही रोखून. छकुली त्यांच्या शर्टाचं बटण चघळण्यात गुंग होती. वळली नाही. बटण फारच आवडलं असेल, किंवा तसं नसेलही.

पंखा फिरत राहिला, काटा चढत चढत मध्यावर आला आणि तिथेच थांबला.

सासऱ्यांनी स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण दाबून पाहिलं. मुकं. "दुकान बंद व्हायच्या आत नवा रिले घेऊन येतो. पुलावर हॉर्न लागेलच," ते चपला शोधत म्हणाले. छकुलीला आईकडे देताना त्यांनी तिच्या कानामागची धूळ अंगठ्याने पुसली, जरा जास्तच वेळ. "उद्या सातला निघू."

"साडेसहाला, बाबा."

"बरं, साडेसहा," म्हणून ते निघाले.