सुरखाबाच्या पाठीवरची डबी

दचकू नका, मी बोलतेय. काडेपेटीहून जराशी मोठी डबी. पाठीवर काळी काच, मागे शेपटीसारखी तार. काचेवर ऊन पडलं की मला बोलता येतं. अंधारात मी मुकी.

मला जाग आली ती मंगोलियातल्या एका तळ्याकाठी. सारनाई नावाच्या पक्षी-अभ्यासक बाईने मला एका नारिंगी चक्रवाकाच्या पाठीवर बांधलं. काशीत त्याला सुरखाब म्हणतात. पट्टा आवळताना ती पुन्हापुन्हा पंखाखाली बोट घालून बघत होती, कुठे काचत तर नाही ना. शेजारी तेच काम करणारे, डेहराडूनहून आलेले रत्नाकर उभे. दोघांचं बोलणं खाणाखुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत. मी कुठे आहे ते उपग्रहाला सांगायचं आणि एकच ठिपका दोघांच्या पडद्यांवर उमटायचा. पक्षी कुठे उतरतो हे कळलं, की तिकडचं तळं तिकडच्यांनी राखायचं, इकडची वाळू इकडच्यांनी. पक्ष्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला त्याची मादी तेवढी ठाऊक.

डोंगर ओलांडताना थंडीने माझा आवाज जायचा. मादी पुढे, आम्ही मागे. काशीत भोसले घाटासमोर, गंगेच्या पैलतीरावरच्या वाळूवर उतरलो आणि थंडी तिथेच काढली.

मग खिचडी आली, म्हणजे आपली संक्रांत. काशीचं आभाळ पतंगांनी भरलं आणि एक गुलाबी मांजा माझ्या सुरखाबाच्या पंखात शिरला. आम्ही गरगरत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गच्चीवर आदळलो.

"आई गं!" कस्तुरी किंचाळली. ती कॉलेजात शिकते, पण भांडं पडलं तरी दचकते. माझं मन तिथेच तिच्याशी जुळलं.

तिचे बाबा ढुंढिराज, काशीतले मराठी, घाटावर पूजा सांगणारे, धावत आले. "हात नको लावूस! तार आहे त्याला. बॉर्डरपलीकडून आलेलं काही असेल. थानेवाले पोलीस दारात आले तर मोहल्ल्यात तोंड काय दाखवू?"

"बाबा, पहिले त्याला पाणी तर देऊ!"

पाणी आणेपर्यंत त्याचा जीव गेला होता.

"दोघांना गंगेत सोडतो," ढुंढिराज म्हणाले आणि फडकं आणायला वळले. तेवढ्यात कस्तुरीने पट्टा कापून मला ओढणीत घेतलं. बाबांनी न बघताच फडकं गुंडाळलं आणि हात जोडून फक्त पक्षी सोडला. मला कस्तुरीने ट्रंकेत लपवलं, आईच्या शालूखाली, गुलाबी दोऱ्यासकट.

ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास आणि काळोख. कस्तुरी कधीतरी झाकण उचलायची, पण दाराची कडी वाजली की धाडकन लावायची. तिला वाटे, पोलीसच.

पडद्यावरची रेघ काशीत तुटली असणार. सारनाई काय समजत असेल? इकडे कोणी मारून खाल्ला? रत्नाकरांना ती पुन्हा तळ्यावर बोलावेल? मला एवढंच सांगायचं होतं, की तो कुठे पडला आणि कशाने. आणि मला ऊन नव्हतं.

रोज संध्याकाळी पैलतीरावरून मादीची हाक यायची. आंग, आंग. मला दोन आवाजांची सवय. आता एकच येई, मग थांबे, जणू उत्तराला जागा ठेवून.

पाडवा जवळ आला. कस्तुरीची आई, आनंदी, शालू घेऊन गच्चीवर आली. गुढीला लागतो, त्याला ऊन दाखवायचं होतं. शालू झटकला आणि मी दगडावर आपटले.

"अगं बाई! कस्तुरी, हे कुठलं भूत ठेवलंस ट्रंकेत?"

"आई, बाबांना बोलू नकोस गं."

"नाही बोलत. पण शालूला कुबट वास आणलान याने. पडू दे इथेच, ऊन खाऊ दे जरा."

दुपारपर्यंत मी बोलले. घसा फुटेल इतकं बोलले.

काही दिवसांनी कडी वाजली. दारात अनोळखी माणूस बघून ढुंढिराजांच्या हातातली पळी खणकन पडली. "हम लोग कुछ नहीं किए, साहब!"

"गुरुजी, मी मराठीच आहे. रत्नाकर. तुमच्या छतावर आमची डबी आहे."

"मग हे पहिलं नाही का सांगायचं?" आनंदी आतून म्हणाली. "चहा टाकते."

कस्तुरीने मला पुढे केलं. "हा मांजा. आमच्याच गल्लीत विकतात. तेव्हाच कळवायला हवं होतं. मी घाबरले."

रत्नाकरांनी फोन लावला. सारनाई दिसली. रत्नाकरांनी तिला गुलाबी दोरा दाखवला. तिचं बोट हलू लागलं, पट्टा तपासताना हलायचं तसंच. मग तिने एकच विचारलं. रत्नाकरांनी मराठीत सांगितलं, "मादी आहे का?"

कस्तुरीने फोन नदीकडे वळवला. बाकी थवे कधीच गेले होते. वाळूवर एकच नारिंगी ठिपका होता.

दुसऱ्या सकाळी हाक गच्चीवरून गेली, उत्तरेकडे. मी कठड्यावर होते, रत्नाकरांच्या पिशवीत जायच्या तयारीत. या वेळी ती थांबली नाही.

तिच्या पाठीवर डबी नाही. ती कुठे टेकली, ते कोणाच्याच पडद्यावर उमटणार नाही. तळ्याकाठी सारनाई वाट बघेल. तुमच्या छतावर, तारेवर, झाडात मांजा अडकला असेल तर तेवढा काढून ठेवा. ती तुमच्या गावावरून जाणार की नाही, हे मला आता सांगता येत नाही.