दांड्यावर बसलेली आई

जीपचा ब्रेक दाबला की ट्रेलरचे मागचे दोन्ही दिवे लखकन पेटायला हवेत. ते विझत होते. डावा इंडिकेटर द्यावा, तर उजवीकडचा दिवाही मिणमिणायचा, जणू त्यालाही कुणी हाक मारली आहे.

“झालं का गं?” मामाने जीपच्या खिडकीतून मान बाहेर काढून भाचीला विचारलं. “ब्रेक दाबून दाबून पायात गोळे आले माझ्या.”

“अजून एकदाच, मामा.”

“हे तू सकाळपासून म्हणतेयस.”

साडेअकरा झाले होते. पाचच्या आत ट्रेलरवरची नाव घेऊन जलाशयाच्या पाणी तपासणी केंद्रावर पोहोचायचं होतं. स्वतःची नाव असेल त्यालाच काम, असं तिथल्या मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. पाच वाजून गेले की यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. रस्ता तीन तासांचा, आणि वाटेतल्या नाक्यावर दिवे नसलेला ट्रेलर पुढे सोडत नाहीत. पदवी हातात येऊन चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत, शिकलेलं काही कामी येईल असं हे पहिलंच काम.

नाव आईची होती. नदीवर पूल होईपर्यंत अठरा वर्षं आईने तिच्यातून माणसं पलीकडे पोहोचवली. पूल झाला आणि नाव अंगणात येऊन बसली ती बसलीच. लेकीने मागितली तेव्हा आई एवढंच म्हणाली, “ने की.” दुसऱ्या दिवशी तिने गंजका ट्रेलर घासायला घेतला. चार दिवसांत त्याला निळ्या रंगाचे दोन हात दिले, एकेक बोल्ट सैल करून त्याच्या खालीसुद्धा. “जायचंच आहे तर नीट जाऊ दे,” म्हणाली.

आई घरातून जुन्या डब्यातले बल्ब शोधून घेऊन आली आणि जीपला अडकवलेल्या हुकाशेजारी, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर टेकली. “मला यातलं काही कळत नाही. मी आपली बसते.”

लेकीने दोन्ही बल्ब बदलले. “मामा, दाब!”

दिवे भक्कन लागले.

तिने वही काढली. वेळ, काय बदललं, काय झालं, असे तीन रकाने सकाळीच आखून ठेवले होते. ‘१२.०५, बल्ब, सर्व ठीक.’ मामाने टाळ्या वाजवल्या. आई पाण्याची बाटली भरायला आत गेली. मामाने हौसेने पुन्हा ब्रेक दाबला आणि दिवे विझले.

“हा काय छळ आहे!” मामा आत गेलेल्या बहिणीला ऐकू जाईल असं ओरडला. “ताई, तुझ्या शास्त्रज्ञ बाईंना सांग, माझ्या ओळखीचा वायरमन आहे.”

“तो दोन दिवसांनी येईल, मामा.”

“दोन दिवसांनी का होईना, येईल तर!”

मग प्लग. तिने एकेक पीन पॉलिश पेपरने चकचकीत केली. तोवर आई परत येऊन टेकली होती. दिवे लागले. तिने वहीत लिहिलं. फाटकाशी शेजारीण हाका मारू लागली, म्हणून आई उठली. दिवे गेले. वहीत लिहिलेल्यावर तिने इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला.

वायरीत करंट येत होता, मीटर तसं सांगत होता. म्हणजे जाताना सगळं ठीक. परतीच्या वाटेतच खोट असणार. दिव्यातून गेलेला करंट ट्रेलरच्या लोखंडातून जीपकडे परततो. ती वाट बंद असेल, तर तो दुसऱ्या बल्बांतून पळवाट काढतो आणि नको ते दिवे मिणमिणतात. हे तिला तोंडपाठ होतं. शेजारणीला वाटेला लावून आई दांड्यावर येऊन बसली, तेव्हा ही मीटरचं एक टोक दिव्याच्या उघड्या स्क्रूला आणि दुसरं जीपला लावत होती. रोध जवळपास शून्य. वाट मोकळी.

“अर्थिंग ठीक,” ती पुटपुटली, आणि तिच्या मनातली एकुलती एक खात्रीची शंका तिनेच खोडून टाकली.

आई हाताने दांड्यावरची नसलेली धूळ झटकत राहिली.

दीड वाजला. आता एकच उरलं होतं, जुनी वायरिंग कापून सगळी नवी टाकायची. दोन तासांचं काम आणि हाताशी अर्धा तास. तिने पक्कड उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पांढरी वायर जबड्यात धरली.

“थांब,” आई म्हणाली. “मी उठले की जातात.”

“काय जातात?”

“दिवे. बसले की येतात.” आई उठली. “नवरदेवासारखा बसू नकोस रे, दाब ब्रेक!”

मामाने दाबला. अंधार. आई बसली. उजेड.

लेकीने वही पुन्हा उघडली. तीन रकाने, पंचवीस नोंदी, आणि त्यात आई कुठेच नव्हती. मागे नावेच्या इंजिनाचा भार, म्हणून पुढचा दांडा हलका. आई बसली की हूक जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर घट्ट दाबला जातो आणि करंट तिथून परत फिरतो. एरवी त्याने ट्रेलरला परतीची पांढरी वायर जोडणाऱ्या बोल्टवरून जायला हवं होतं. तिने बोल्ट सोडला. खाली सुंदर, गुळगुळीत, करंट अडवणारा निळा रंग. दोन हात.

“तुला कधी कळलं?”

“शेजारीण आली तेव्हा.”

“मी मीटर लावला त्याच्या आधी? मग बोलली का नाहीस?”

“बोलले ना आत्ता.”

आईने तिच्या हातातून पॉलिश पेपर घेतला आणि स्वतःच रंग घासायला बसली. नखाएवढी जागा पुरली असती. लोखंड चमकायला लागलं तरी ती घासत होती. शेवटी लेकीने तिचा हात धरला आणि बोल्ट आवळला.

“आता लांब हो. आणखी. फाटकापर्यंत जा.”

आई फाटकाशी जाऊन उभी राहिली, कशालाही न शिवता. मामाने एकेक बटण दाबलं. आई पूर्वी नाव सुटण्याआधी माणसं मोजायची, त्याच आवाजात तिने मोजलं, “डावा आहे. उजवा आहे. ब्रेक आहे.” मग फाटक उघडत, “निघा.”

दोनला पाच कमी होते. जीप रस्त्याला लागली. वळण जवळ यायच्या कितीतरी आधी, मोकळ्या रस्त्यावर, मामाने ब्रेक दाबला.

“कशाला दाबलास? उशीर होतोय.”

“होऊ दे,” मामा म्हणाला. “ताई बघतेय.”