मिटल्या डोळ्यांची चार अक्षरे

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पलंगावर थोरल्या बाईंचा मुलगा अपघातापासून, म्हणजे दोन वर्षे, जसा होता तसाच पडून होता. डोळे उघडे, वाचा गेलेली, मुठी आवळलेल्या. त्याच्या चेहऱ्यापुढे अक्षरांचा भलामोठा पुठ्ठा धरून नेत्रवाचक उभा होता. पुठ्ठ्याच्या मधोमध एक भोक होते. त्यातून तो एकटाच रुग्णाचे डोळे पाही आणि नजर ज्या अक्षरावर टेकली असे तो म्हणे, ते मोठ्याने उच्चारी.

"शांत राहा मंडळी. आत्मा गळ्यातून उठून बुबुळात येऊन बसलाय. बुबुळ म्हणजे देहाची खिडकी. मी आपला काच पुसणारा." एवढे बोलून तो वाचू लागला, "आ... ई... रा... ग... गे... ला."

गर्दीत हुंदके फुटले. थोरल्या बाई ताठ बसून होत्या. चारचौघांत रडणे त्यांना ठाऊक नव्हते. अपघाताच्या सकाळी त्यांनीच मुलाला सुनावले होते, "माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तो गाडी काढून निघाला, आणि परत आला तो असा. दर वाचनात निघणाऱ्या 'राग गेला' या दोन शब्दांच्या आधारावर त्या गेले सहा महिने अन्न गिळत होत्या.

दाराशी सून उभी होती. डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ती संशोधक होती.

"आई, हे वाचन एकदा आमच्या कॅमेऱ्यासमोर होऊ द्या."

"नवऱ्याच्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"शब्द त्याचा असेल, तर कॅमेराच साक्ष देईल."

नेत्रवाचक समजूतदारपणे हसला. "यंत्र जवळ आलं की लहरी आटतात, ताई."

"जवळ आणतच नाही. चार मीटरवर ठेवते. एवढ्या माणसांच्या गर्दीत टिकलेल्या लहरी तेवढ्याने आटायच्या नाहीत."

कोणीतरी खुदकन हसले. थोरल्या बाईंना ते खपले नाही. सुनेचे तोंड कायमचे बंद व्हावे म्हणून त्या म्हणाल्या, "होऊन जाऊ दे. सर्वांसमक्ष."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने प्रयोगशाळेत तिकाटण्यावर लांब पल्ल्याचा कॅमेरा चढवला. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन दिवे लावले. त्यांची चमक बुबुळावर कुठे पडते, यावरून नजरेची दिशा कळणार होती. पुठ्ठ्याखालून डोळे दिसावेत म्हणून तिने तिकाटणे जमिनीलगत आणले. आता यंत्र जुळवण्यासाठी कोणीतरी खुर्चीत बसणे भाग होते. थोरल्या बाई बसल्या.

"समोरच्या ठिपक्याकडे बघा, आई."

"बघतेय."

"नाही. तुम्ही त्याच्याकडे बघताय."

पडद्यावर खोलीचे चित्र होते, आणि त्यातली नजर दाखवणारी हिरवी खूण कोपऱ्यातल्या, मुलाच्या चाकांच्या पलंगावर थरथरत होती. सत्तर वर्षांत त्यांचे खोटे कोणी असे पकडले नव्हते.

"यंत्र खरं आहे तुझं," त्या कोरडेपणाने म्हणाल्या.

खुर्चीच्या जागी उशाकडून उंचावलेला पलंग आला. काचेपलीकडे मंडळी दाटली. नेत्रवाचकाने पुठ्ठा धरला, आणि थोरल्या बाईंनी स्वतः विचारले, "बाळा, राग गेला का रे?"

"आ... ई..."

हिरवी खूण छताच्या कोपऱ्यात रेंगाळत होती.

"रा..."

खूण त्याआधीच नाहीशी झाली होती.

"बिघडलं वाटतं," काचेमागून कोणी पुटपुटले.

"बिघडलं नाही. झोप लागलीये त्याला." सुनेने कॅमेऱ्यातले चित्र मोठे केले. दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या. पुठ्ठ्यामागचे आपल्याशिवाय कोणाला दिसत नाही, या भरवशावर नेत्रवाचक वाचतच होता, "ग... गे... ला."

"खाली घ्या तो पुठ्ठा," थोरल्या बाई म्हणाल्या.

"मातोश्री, तो आतल्या डोळ्यांनी—"

"सहा महिने बाहेरच्या डोळ्यांनी बोलत होता. आज आतले कुठून आले?"

पण भांडणाची गोष्ट याला कळली कशी? प्रश्न बाईंच्या मनात येताच उत्तरही आले. 'मुलाशी मनातलं बोला,' असे पहिल्याच भेटीत त्याने सांगितले होते आणि बाई बोलल्या होत्या. तो शेजारीच उभा होता.

पुठ्ठा काखेत मारून नेत्रवाचक निघून गेला.

"तुला आधीच ठाऊक होतं?" बाईंनी विचारले.

"संशय होता. पण ज्यांना खरंच नजरेने बोलता येतं, अशी माणसं आहेत, आई. त्यांच्यासाठीच हे यंत्र आहे. कॅमेरा लावताना एका तरी अक्षरावर टेकावी त्याची नजर, असं मलाही वाटत होतं."

बाईंनी तिचा हात क्षणभर धरला आणि त्या बाहेर गेल्या. तिथे एक स्त्री रडवेली होऊन उभी होती. तिची मुलगीही अशीच अंथरुणाला खिळली होती.

"उद्या आमच्याकडे वाचन आहे हो. आता मी काय करू?"

"मुलीच्या डोळ्यांपुढे कोणाला पुठ्ठा धरू देऊ नका. ज्याला तपासणी नको असते, त्याला काहीतरी झाकायचं असतं. तुम्ही विचारा, मोजून घ्या, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तरी ते माना." बाईंनी सर्वांकडे पाहिले. "माझ्या मुलाचा राग गेला की नाही, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. गेला असं मला ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं. ती चूक माझी."

त्या परत आत आल्या. मुलगा अजून झोपलेलाच होता. त्याची आवळलेली मूठ त्यांनी दोन्ही हातांत घेतली.

"चल बाळा, घरी चल," त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी पलंगाची चाके मोकळी केली.