वरवंट्याचा आजार

हुपरीत सकाळीच मांडव गच्च भरला होता. कापराचा धूर डोळ्यांत जात होता आणि बाबा आजाऱ्यांच्या सुजलेल्या पायांत नवे पैंजण घालत होते. वर भस्म, भस्मावर कोमट तीर्थ. बघता बघता लख्ख चांदी काळीकुट्ट पडायची.

"बघा! चांदीनं रोग ओढला!" बाबा गरजले. "डॉक्टरच्या गोळ्या म्हंजे रोगाला खुराक. बंद करा!"

घरोघरी पैंजण घडवणारं गाव चांदीपुढंच हात जोडून बसलं होतं! क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची सासू धोंडुबाई पहिल्याच रांगेत होती. चेहरा सुजलेला, भर उन्हाळ्यात अंगावर शाल, पायात नुकताच काळा पडलेला पैंजण.

डॉक्टर संयोगिताताईंनी स्पष्ट बजावलं होतं, "थायरॉईड फार मंदावलंय, त्यानं किडनीचं कामही मंदावतं. त्यात यांना साखर. लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. ही सुरुवात आहे, आत्ताच आवरायला हवं. थायरॉईडची गोळी रोज उपाशीपोटी, साखरेचीही चुकवायची नाही." बाबांच्या शब्दावर धोंडुबाईनं दोन्ही सोडल्या होत्या.

क्रांती उठली. पिशवीतून वरवंटा काढून त्याला कोरा पैंजण गुंडाळला आणि बाबांपुढं ठेवला.

"बाबा, ह्याला बी भस्म लावा की."

"देवाची थट्टा करतीस?"

"थट्टा कुठली? लई आजारी हाय बिचारा. रोज वाटण वाटून दमलाय."

मांडव हसला. बाबांनी ताट मागं ओढलं, पण क्रांतीनं मूठभर भस्म उचललंच. वर तीर्थ ओतलं. पैंजण काळा पडला.

"आता सांगा, ह्याचं थायरॉईड गेलं का किडनी?"

धोंडुबाईनं वरवंटा उचलला, धुरापासून लांब नेऊन हुंगला. कुजक्या अंड्यासारखा वास आला. तिचा अर्धा जन्म ह्याच वासात गेला होता.

"गंधक हाय ह्यात! नक्षी काळी कराय आपुन हेच लावतो की गं! आन मी ह्याच्या पाया पडत बसलो!"

"आई, श्रद्धा ठेव..." बाबा म्हणाले.

"श्रद्धा ऱ्हाऊ दे. माझी लघवी तपासू या, चल. प्रथिनं थांबली का बघू."

बाबांनी भस्माचं ताट हळूच पाठीमागं सरकवलं.

गंधक भिडला की चांदी काळी पडते. ती पायात आहे की दगडावर, तिला काय त्याचं? रोग रक्त-लघवी तपासून कळतो आणि औषधानं आवरतो. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तो हुंगून बघा.

बाबांच्या हुकमानं धोंडुबाई उपाशीपोटीच आली होती. तिनं पायातला काळा पैंजण काढून बाबांपुढं आपटला.

"क्रांते, चहा न्हाय घेतलेला अजून. गोळी आण."