डावीकडचे वळण

कंपनपट्टी नावाची वस्तू मी एकदा चिमट्याने उघडून पाहिली होती. खाली साधी चिकटपट्टी, वर चंदेरी कागद आणि दोहोंच्या मध्ये काहीही नाही. हे ‘काहीही नाही’ माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, उदय, गणपतीपासून मँचेस्टरच्या मराठी मंडळींना विकत होता. पट्टी कानामागे लावली की मेंदूची कंपने जुळतात, असा त्याचा दावा होता. कोणती कंपने आणि कशाशी जुळतात, हे मी विचारले होते. तो म्हणाला, "ताई, सगळं मोजता येत नाही." जे मोजता येत नाही ते जुळले हे त्याला कसे कळले, हा प्रश्न त्याने जेवणाच्या ताटावरून उठून टाळला.

या हिवाळ्यात त्याला चालताबोलता पुरावा मिळाला. फ्लुरिना काडुफ ही त्याच्याच आयटी कंपनीत काम करणारी स्विस बाई. डोंगरातल्या गावात ती लहानपणी मुलांच्या संघातून आइस हॉकी खेळली आणि पुढे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघात बरीच वर्षे डावी बचावपटू होती. बचावपटू उलटी घसरत मागे येते, नजर समोरच्या खेळाडूच्या छातीवर ठेवते आणि समोरची ज्या बाजूने निसटू पाहील त्या बाजूला क्षणात वळते. दोन वर्षांपूर्वी फ्लुरिनाचे डोके रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कठड्यावर आपटले आणि संघातली जागा गेली. ती नोकरीसाठी मँचेस्टरला आली आणि इथल्या हौशी महिला संघात खेळू लागली. आता तिशी उलटल्यावर राष्ट्रीय प्रशिक्षकाने तिला एप्रिलच्या शिबिराला बोलावले होते. अट एकच होती: शरीराच्या संतुलनाच्या तज्ज्ञाने ती खेळायला योग्य असल्याचे लिहून द्यावे. पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होते.

ती तज्ज्ञ मी. शरद ऋतूत मी तिला तपासले होते. डाव्या अंतर्कर्णाचे काम निम्म्यावर आले होते. मान झटक्याने डावीकडे वळली की डोळे मागे पडत आणि समोरचे चित्र पुसट होई. मी सही नाकारली. तिने शांतपणे आभार मानले. पुढच्या आठवड्यात तिच्या कानांमागे उदयच्या पट्ट्या दिसू लागल्या.

मार्चमध्ये उदयचा फोन आला.

"उल्काताई, रिंकवर या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शी इज कम्प्लीटली फाइन!"

"क्लिनिकमध्ये पाठव. तिथे मोजता येतं."

"तुमच्या त्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीत कोणालाही चक्कर येईल हो. खेळात बघा ना. मग सही करणार?"

"बघायला येते. सही ही वेगळी गोष्ट आहे."

रिंकवर उदय फोन उंचावून शूटिंग करत होता. कोट, मफलर, कानटोपी, आणि कानटोपीवर एक कंपनपट्टी. मेंदूपर्यंत पोचायला तिला लोकरीचाही अडथळा नसावा.

सराव दोनास दोन असा होता: दोन आक्रमक चाल करून येत, फ्लुरिना आणि तिची जोडीदार बेथ त्यांना अडवत. फ्लुरिना सुंदर खेळत होती. कठड्याकडून निसटणारी प्रत्येक खेळाडू ती वळून गाठत होती.

"बघितलंत?" उदय म्हणाला. "आता काय म्हणतं तुमचं सायन्स?"

"ती कोणत्या बाजूला खेळते आहे?"

"बाजू? ताई, डिफेंडर म्हणजे मागे."

"दोन आहेत. एक डावीकडची, एक उजवीकडची."

"तेच ते. दोघी अडवतातच ना."

तीन महिने एका खेळाचे चित्रीकरण करून एवढेही न समजणे ही साधी गोष्ट नव्हे. आयुष्यभर डावीकडे खेळलेली फ्लुरिना उजव्या कठड्याशी उभी होती. तिथे बाहेरून निसटणाऱ्या खेळाडूमागे उजवीकडेच वळावे लागते. कोणी मधून, म्हणजे तिच्या डावीकडून घुसू लागली की बेथ "माइन!" ओरडून आधीच तिथे हजर असे. चेंडूऐवजी असलेली ती रबरी चकती, पक, तिकडे वळण्याच्याही आधी. परिणाम कारणाच्या पुढे धावू लागला की मी पट्टीकडे नाही, जोडीदाराकडे पाहते.

सराव थांबल्यावर मी कठड्याशी गेले.

"एकटीने, मोकळ्या बर्फावर. उलटी ये आणि डावीकडे वळ. हळू चालेल."

बेथने मान खाली घातली. फ्लुरिना मागे गेली, उलटी घसरत आली आणि डावीकडे वळली. वळण अर्ध्यावर मोडले. तिने काठी बर्फावर टेकली, दोन्ही हातांनी तिला धरले आणि डोळे मिटून उभी राहिली.

"घामाने पट्टी सुटली असणार!" उदय म्हणाला. "ताई, ही काही टेस्ट कंडिशन नाही."

फ्लुरिना कठड्याशी आली. इंग्रजीत, आवाज न चढवता म्हणाली, "उदय, पट्टी घट्ट आहे. ती पहिल्या दिवसापासून काहीच करत नाही."

"मग तू रोज लावत का होतीस?"

"सगळे माझ्या कानांकडे बघत होते. तोवर पायांकडे कोणी बघत नव्हतं."

आपण हिला वापरतो आहोत, अशी उदयची पक्की समजूत होती. त्याच्या सगळ्या दाव्यांपैकी एवढाच प्रत्यक्ष तपासला गेला आणि तोही खोटा निघाला.

"सही?" तिने मला विचारले.

"नाही. पुढचा धक्का कमी जोराचा असेल तरी उरलेलं संतुलन घालवायला पुरेल."

"माहीत आहे." तिने स्वतःचा फोन मागवला आणि स्केट्स पायातच ठेवून राष्ट्रीय प्रशिक्षकाला लावला. बोलणे थोडक्यात झाले. भाषा मला येत नव्हती. येत असती तरी नव्याने काही कळले नसते. बेथने येऊन तिच्या डोक्यावरचे हेल्मेट काढले आणि काखेत धरून ठेवले.

तेवढ्यात उदय बोटाने पडद्यावरचे चित्र मागेपुढे सरकवू लागला.

"काय करतो आहेस?" मी विचारले.

"शेवटचं कापतोय. आधीचं फुटेज गुड आहे, ताई. ग्रुपवर टाकायला हरकत काय?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. फ्लुरिनाला शब्द समजले नाहीत, बोट मात्र समजले.

"सगळं पुसायला लावू नका," ती मला म्हणाली. "पट्टी जिथे दिसते ते कापायला लावा आणि बाकीचं मला पाठवा. उजवीकडची वळणं खरी होती."